तिसऱ्या रात्रीची थरथर



 २०२५ मध्ये रमजान मार्च महिन्यात आला आणि त्याच मार्चमध्ये लॉकडाऊनला पाच वर्षे पूर्ण झाली. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून एक जुनी हकीकत सांगायला बसले आहे. लिहावे की लिहू नये, असे खूप दिवस मनात चालले होते. शेवटी ज्या घरची ही हकीकत आहे त्या भाभींनाच विचारले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "लिखो, मगर नाम मत डालो." म्हणून नाव नाही आणि गल्लीही नाही. गाव मात्र आमचेच, खर्डा.

बाहेरच्या लोकांना खर्डा १७९५ च्या लढाईमुळे माहीत असते. आम्हा राहणाऱ्यांना ते जामखेड तालुक्यातले बाजाराचे गाव आहे. इथून बीड आणि धाराशिव जिल्ह्यांची हद्द फारशी लांब नाही. भाभींचे मालक टेंपो चालवायचे. त्यांना आम्ही सगळे भाईजान म्हणतो. कधी कांदा, कधी भाजी, कधी सिमेंटच्या गोण्या. रात्री उशिरा घरी यायचे, तोंडात बडीशेप असायची. कुणाशी भांडण नाही, शिवीगाळ नाही. जेवायचे आणि झोपायचे. भाभींना सगळे कळत होते, पण घरात त्या विषयाचा शब्द कधी निघाला नाही. सासूबाईंना ठाऊक नव्हते, की ठाऊक असून नसल्यासारखे होते, ते अल्लाहलाच माहीत.

दारूबद्दल बोलायची आपल्या घरांतली रीत ठरलेली आहे. आपल्यात कोणी पीत नाही, असे म्हणायचे आणि विषय मिटवायचा. दीनने दारू हराम केली आहे, तेव्हा असे म्हणताना आपण खोटे बोलतोय असेही वाटत नाही. दारूपासून लांब राहणारी घरे आपल्यात खूप आहेत आणि ही अल्लाहची मोठी मेहेरबानी आहे. पण ज्या घरात दारू शिरली आहे, त्या घरातल्या बाईला या एका वाक्यामुळे कुणापाशी तोंड उघडता येत नाही. शेजारच्या हिंदू घरातली बाई निदान विहिरीवर किंवा बचत गटात मन मोकळे करते. आपली बाई तेही करू शकत नाही, कारण तिच्याकडे जे आहे ते आपल्यात असतच नाही!

मग २०२० चा मार्च आला. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, राज्यात जमावबंदी लागली आणि २५ तारखेपासून सगळा देश बंद झाला. दारूची दुकाने बंद, ढाबे बंद, टेंपो दारात उभा. रोज पिणारा माणूस पहिल्यांदाच चोवीस तास घरात आला. देशभरात तेव्हा पिण्याच्या सवयी किती तऱ्हांनी बदलल्या, हे पुढे हळूहळू कळत गेले. जे कधीमधी मित्रांच्या संगतीत घ्यायचे, त्यांची संगतच तुटली. त्यांचे पिणे आपोआप थांबले आणि त्याविना काही अडतही नाही, हे त्यांच्या लक्षात आले. काहींनी बाहेरचे पिणे घरात आणले आणि लेकरांनी बाटली पहिल्यांदा पाहिली. काही जण दुप्पट-चौपट पैसे मोजून काळ्या बाजाराकडे गेले, काही हातभट्टीकडे. आणि काहींच्या अंगाने सरळ बंड केले. भाईजान या शेवटच्या लोकांतले.

पहिले सात-आठ दिवस त्यांना कुठून तरी मिळत राहिली. मग तीही आटली. पहिल्या दिवशी संध्याकाळी चहाची बशी हातात धरवेना. दुसऱ्या दिवशी घाम, उलट्या, छातीत धडधड, अंगात कणकण. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरच्या मुंग्या झटकू लागले. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. मध्येच उठून, टेंपो भरायचाय, माणसे आली का, असे विचारू लागले. लेक जवळ गेला तर त्याला ओळखेनात. पोरगा रडत आईकडे आला, "अम्मी, अब्बा मेरेकू पैचानतेच नै."

आता त्या वेळची भीती आठवून पाहा. दिल्लीच्या मरकजनंतर सगळीकडे आपल्याच लोकांकडे बोट दाखवले जात होते. जामखेडला तबलीगसाठी आलेल्या परदेशी पाहुण्यांपैकी काहींना कोरोना निघाला होता आणि पुढे तर जामखेड शहर हॉटस्पॉट म्हणून बंद झाले. (नगर जिल्ह्यात अशा पाहुण्यांवर नोंदवलेले गुन्हे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये रद्द केले. पण एप्रिलमध्ये हे पुढचे कुणाला ठाऊक?) अशा दिवसांत मुसलमानाच्या घरात एक माणूस तापाने फणफणतोय, असे बाहेर कळले तर काय होईल, या धाकाने सासूबाईंनी दाराला कडी घातली. रात्री मागच्या दाराने मला बोलावले. मी काय केले? आयतुल कुर्सी वाचून फुंकले, पाण्यावर दम करून दिला आणि शहाण्यासारखे म्हणाले, कुणाची तरी नजर लागली आहे, असर वाटतोय. दुआ करणे चूक नव्हते. दुआ करून घरी जाऊन झोपणे, ही माझी चूक होती. कुणी कोरोना म्हटले, कुणी असर म्हटले. खरे कारण त्या घरात एका बाईला माहीत होते आणि तिच्या तोंडाला कुलूप होते.

ते कुलूप आशाताईने काढले. त्या दिवसांत आशाताई घरोघरी ताप-खोकल्याची नोंद घेत फिरत होत्या. सकाळी ती आमच्या दारात आली. भाईजानांचे हात बघितले, डोळे बघितले आणि भाभींना बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारले, "भाभी, रागावू नका. भाऊ रोज घ्यायचे का? शेवटची कधी घेतली?" बस, एवढाच प्रश्न. भाभी मटकन खाली बसल्या आणि बारा वर्षांचे सगळे त्या एका बाईपुढे बोलून गेल्या. तासाभरात गाडी आली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सलाइन लावले, इंजेक्शने दिली, शांत करणारी औषधे चालू केली. चौथ्या दिवशी भाईजानांनी लेकाला नावाने हाक मारली.

त्यांना झाले काय होते, ते नीट समजून घेऊ, कारण हे समजले तर कुणाचा तरी जीव वाचेल. दारू मेंदूला मंद करते. माणूस वर्षानुवर्षे रोज पीत राहिला की मेंदू त्या गुंगीविरुद्ध जोर लावून काम करायला शिकतो. समजा, दोन माणसे दाराच्या दोन्ही बाजूंनी दार रेटत आहेत. एकाने अचानक अंग काढून घेतले तर दुसरा तोंडावर आपटेल. दारू एकाएकी बंद झाली की मेंदूचे तसे होते. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो, मळमळते, जीव घाबरतो. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, दिवस-रात्र कळेनाशी होते, माणसे ओळखू येत नाहीत. ही शेवटची अवस्था थोड्यांनाच गाठते, पण उपचार मिळाले नाहीत तर तिच्यात माणूस दगावू शकतो. असे दर वेळी सोडून पुन्हा धरले तर पुढच्या खेपेचा त्रास आधीपेक्षा वाढत जातो.

लॉकडाऊनमध्ये हे फक्त खर्ड्यात घडले नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या नामांकित मनोरुग्णालयातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहे की लॉकडाऊन लागल्यावर शहरातल्या रुग्णालयांत असे गंभीर रुग्ण वाढले. केरळात दारू मिळेना म्हणून काहींनी जीव दिला. तेव्हा तिथल्या सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा हुकूम काढला. डॉक्टरांनीच त्याला विरोध केला. या त्रासावर औषधे आहेत, दारू हे औषध नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. २ एप्रिल २०२० ला तिथल्या उच्च न्यायालयाने त्या हुकमाला स्थगिती दिली. जुलैच्या अखेरीस आंध्र प्रदेशातल्या कुरिचेडू गावात लोक सॅनिटायझर पिऊन मेले. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वणीला एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या बंदीत, सॅनिटायझर प्यायल्याने सात जण गेले. हात धुवायचे औषध माणूस चवीसाठी पीत नाही. त्याच्या अंगात काय चालले असेल, याचा विचार आपण केला नाही. आपण हसलो, व्हिडिओ पुढे पाठवले.

४ मे २०२० ला राज्यात अनेक ठिकाणी दुकाने उघडली. मुंबई-पुण्यात लांबच लांब रांगा लागल्या आणि मुंबईत तर दोन दिवसांत दुकाने पुन्हा बंद करावी लागली. मेच्या मध्यापासून परवानाधारकांना दारू घरपोच मिळू लागली. आपल्याकडे ४ मे म्हणजे दहावा रोजा. भाईजान तेव्हा घरीच होते, नमाज घरात, तरावीह घरात. सगळ्यांना वाटले, सुटली कायमची. ईद झाली, टेंपो सुरू झाला आणि जूनमध्ये बडीशेपेचा वास परत आला.

इथे भाभींनी मला जे सांगितले ते ऐकून मी सुन्न झाले. भाईजान दर वर्षी रमजानपुरती सोडायचे आणि ईदनंतर धरायचे. महिनाभर सोडू शकतो, म्हणजे व्यसन नाही, असे घरातल्या सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. "मगर हर साल पहले दो-तीन रोजे बीमार पडते थे," भाभी म्हणाल्या. हात कापायचे, उलट्या व्हायच्या, अंथरूण सुटायचे नाही. घरचे म्हणायचे, ऊन लागले, पित्त झाले. म्हणजे अंग दर वर्षी सांगत होते आणि दर वर्षी आम्ही त्याला पित्त म्हणत होतो. लॉकडाऊनने नवे काही केले नाही. जे रमजानच्या पहिल्या रोज्यांत झाकून जात होते, ते त्याने सर्वांसमोर मांडले.

म्हणून हे मी रमजानमध्ये लिहिते आहे. आजही कितीतरी घरांत चांदरातीला कुणीतरी मनापासून तौबा करून बाटली फेकली असेल. अल्लाह त्यांची तौबा कबूल करो. पण त्यातला जो रोज पिणारा आहे, सकाळी उठल्यावर ज्याचे हात कापतात आणि एक घोट घेतल्यावरच थांबतात, ज्याला आधी कधी फिट आली आहे, त्याने एकट्याने, उपाशीपोटी, चौदा तास पाण्याविना हे करणे धोक्याचे आहे. आजारी माणसाला रोजा नंतर पुरा करायची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. डॉक्टरला दाखवा, आपल्या आलिमांना विचारा. चार-पाच दिवस औषधांखाली काढले तर तीच तौबा टिकायला मदत होते. हळूहळू थोडी थोडी पाजा, असे मी म्हणत नाही, कोणी तसा अर्थ काढू नये. ती जागा औषधाने भरायची असते आणि ते काम डॉक्टरचे आहे.

घरच्यांनी काय करावे? हात कापणे, घाम, झोप उडणे दिसले की त्याच दिवशी दवाखाना गाठावा. फिट आली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर सकाळची वाट बघू नये. डॉक्टरला पहिले वाक्य हेच सांगावे, की हे रोज दारू घ्यायचे, शेवटची अमुक दिवशी घेतली. हे लपवले तर डॉक्टर तापाचे औषध देऊन परत पाठवील. नेहमी पिणाऱ्याच्या अंगात थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व कमी असते आणि नुसते ग्लुकोज चढवणे त्याला बाधू शकते, म्हणून डॉक्टर ते जीवनसत्त्व आधी देतात. पण त्यासाठी त्यांना माहीत तर हवे! मेडिकलमधून आपल्या मनाने झोपेच्या गोळ्या आणू नयेत. माणसाला खोलीत कोंडू नये, बांधू नये. दुआ जरूर करावी, गाडीत बसून करावी.

आणि तो प्रश्न विचारायला शिकावे. आपल्याच जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या साध्या बायकांना आजाराच्या खुणा ओळखायला शिकवले. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि ते काम बघायला जगभरातून लोक येऊ लागले. जिथे अक्षरओळख नसलेल्या बायकांनी बाळंतपणे आणि बालरोग सांभाळले, तिथे थरथरणारा हात ओळखणे आपल्याला जड जाऊ नये. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत दिसले की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसली तरी मदत मिळते. बाकीचे सदतीस कुठे आहेत? घरात. दाराला कडी लावून.

औषधाने थरथर थांबते, ओढ थांबत नाही. तिला वेळ आणि सोबत लागते. भाईजान दोनदा घसरले. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवले. पुढे ते अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना बसू लागले. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही संगत आज आपल्या महाराष्ट्रातही मराठीतून चालते. तिथे फी नाही आणि पूर्ण नाव सांगावे लागत नाही. लॉकडाऊनमध्ये या सभा फोनवर आणि व्हिडिओवर भरू लागल्या, ते भाईजानांच्या पथ्यावर पडले. लाजेपोटी जो माणूस सभेच्या खोलीत पाऊल टाकला नसता, तो टेंपोत बसून कानाला फोन लावून ऐकू लागला. घरच्यांसाठी याच धर्तीवर अल-अनॉन आहे. पुण्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण आहे. सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन १४४४६ आणि मनाच्या आजारांसाठी टेलिमानसचा १४४१६. हे दोन आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. आज तुम्हाला लागणार नाहीत, पण एखाद्या दिवशी मागच्या दाराने कुणी हाक मारील.

एक गोष्ट मी भाईजानांच्या आजारानंतर नव्याने वाचली. सहीह बुखारीत येते, की प्रेषितांच्या (स.) काळात एक माणूस दारू पिल्याबद्दल पुनःपुन्हा धरून आणला जायचा आणि त्याला शिक्षा व्हायची. एकदा कुणीतरी त्याला शाप दिला. प्रेषितांनी (स.) त्याला अडवले आणि या माणसाचे अल्लाह आणि त्याच्या रसूलवर प्रेम आहे, अशी ग्वाही दिली. शिक्षा टळली नाही, हराम ते हरामच राहिले, पण माणूस जमातीबाहेर गेला नाही. आपण उलटे करतो. दारूला तोंडाने हराम म्हणतो, डोळ्याआड चालू देतो आणि माणूस पडला की त्याच्या घराचे दार बंद करतो.

भाईजानांना आता साडेतीन वर्षे झाली. मोठ्या गप्पा मारत नाहीत. अजून बडीशेपेचा वास आला की भाभी दचकतात, हे त्या हसत सांगतात, पण ते हसणे पुरते खरे नसते. मागच्या महिन्यात, शाबान लागल्यावर, भाईजान त्यांच्या ओळखीच्या एका क्लीनर पोराला घेऊन जामखेडला डॉक्टरकडे गेले. रमजानला सोडतो म्हणत होता. भाईजान त्याला म्हणाले, रमजानला सोडायची असेल तर पंधरा दिवस आधी चल.

पोराच्या आईला सांगितलेय की नाही, ते मी विचारले नाही. पण उद्या ती मागच्या दाराने आली तर काय विचारायचे, ते मला आता माहीत आहे.